फिल्टर घेताय? आधी हे विचारा

आंब्याची पेढी असो, मिरजोळे एमआयडीसीतला कारखाना असो की मारुती मंदिराजवळचे कर सल्लागाराचे कार्यालय, इंटरनेटशिवाय आता कुणाचेच पान हलत नाही. जोडणी झाली की थोड्याच दिवसांत मालक म्हणतात, "पोरं नको ते बघत बसतात. फिल्टर टाकून द्या." नेटवर्कची कामे करताना हे वाक्य मी पुष्कळदा ऐकतो. त्यावर माझा प्रश्न ठरलेला: नेमके काय अडवायचे आहे? वाया जाणारा वेळ, अश्लील मजकूर, की बँकेचे हुबेहूब सोंग घेणारी बनावट साइट? माझ्या मते लहान व्यवसायाला खरे भय तिसऱ्याचे. क्रिकेटचा स्कोअर पाहिल्याने पेढी बुडत नाही. खोट्या साइटवर पासवर्ड टाकला, तर मात्र खाते रिकामे होऊ शकते.

सर्वांत साधी रीत अशी. आपण साइटचे नाव टाकले की संगणक आधी त्या नावाचा आकडी पत्ता विचारून घेतो. पत्ता सांगणाऱ्यानेच घातक नावांना नकार दिला, की ती साइट उघडत नाही. 'क्वाड नाइन' ही सेवा हे काम विनामूल्य करते. राउटरच्या सेटिंगमध्ये ९.९.९.९ हा पत्ता भरावा लागतो. चार-पाच संगणकांच्या कार्यालयाने आधी हे करून पाहावे, पैशाचे नंतर बघू. अर्थात कालच तयार झालेली बनावट साइट यादीत नसेल, तर ती सुटून जाणारच.

शब्द हुडकून अडवणाऱ्या फिल्टरपासून जरा जपून. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइन कंपनीकडे नोंदणी करता येईना, कारण गावाच्या नावात एक असभ्य शब्द दडलेला होता. आपल्याकडच्या दीक्षित मंडळींनी आपले आडनाव रोमन लिपीत लिहून शेवटची चार अक्षरे पाहावीत! त्यांची ऑर्डर अडकली, तर दोष हापूसचा नव्हे.

मोठ्या कार्यालयासाठी विक्रेते फायरवॉलची पेटी सुचवतात. कुणाला काय, किती वाजता दिसावे, हे तीत ठरवता येते. काही पेट्या कुलपाचे चिन्ह असलेली सांकेतिक देवाणघेवाणही मध्येच उघडून वाचतात. म्हणजे कर्मचाऱ्याचा बँकेचा पासवर्डही त्या पेटीतून उघडा जाऊ शकतो. ही सोय घेतलीच, तर बँका आणि दवाखाने तीतून वगळायला सांगा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. काय अडवले जाते आणि कशाची नोंद राहते, हे कर्मचाऱ्यांना लेखी सांगून टाकावे. चोरून पाळत ठेवणाऱ्या मालकाचे काम मी घेत नाही. शिवाय पोरांच्या खिशात मोबाइल आहे आणि त्यात स्वतःचा डेटा आहे. तिथे तुमच्या पेटीचे काहीच चालत नाही.

खरेदीपूर्वी महिनाभर चाचणी मागा. तीत २० तारीख आलीच पाहिजे, कारण दरमहा जीएसटीचे विवरणपत्र भरणाऱ्यांची ती शेवटची तारीख. त्या दिवशी सरकारी साइट अडली, तर फिल्टरपेक्षा विलंब शुल्कच जास्त आठवेल. समाजमाध्यमे सरसकट बंद करण्याआधी आंब्याच्या किती ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवरून येतात, तेही मोजा. चुकून अडलेली साइट मोकळी करण्याचा अधिकार कार्यालयातच कुणाकडे तरी हवा.

दर विचारताना पहिल्या वर्षाचा नको, तीन वर्षांचा विचारा. पेटी एकदाच घ्यायची असते, पण परवाना दरवर्षी लागतो. तो संपल्यावर बहुधा घातक साइटची यादी ताजी होत नाही आणि फिल्टर नुसता नावाला उरतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते, विजाही पडतात. पेटी बंद पडली तर इंटरनेट मोकळे सुटणार की अख्खे बंद होणार, हे आधीच विचारून ठेवा. आणि एप्रिलमधल्या रविवारी दुपारी फोन कोण उचलणार, त्याचे नाव कोटेशनवरच लिहून घ्या.