अंगाखाली काय?

सोयगाव तालुक्यातली सर्वांत जुनी धर्मशाळा आजही जागेवर आहे, फक्त तिथे मुक्काम करू देत नाहीत. अजिंठ्याचं १२ नंबरचं लेणं. तीन बाजूंना चार-चार खोल्या आणि खोलीत दोन दगडी ओटे, म्हणजे चोवीस जणांची सोय. तीही इसवी सनापूर्वीची. उशाच्या जागी दगडच जरा उंच ठेवलेला. शेजारच्या १३ नंबरात सात खोल्या, थाट तोच.

इथले भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे, एरवी पायी फिरायचे. झोपेचे नियम त्यांना कडक होते. पलंगाचे पाय आठ अंगुळांहून उंच नकोत. अर्ध्या अंगाएवढ्या उशा बंद, उशी डोक्यापुरतीच! आज टूथब्रशची दांडी कापून वजन वाचवणाऱ्या ट्रेकरना हे नियम फार आवडतील. २६ नंबरच्या लेण्यातली सुमारे ७ मीटरची महापरिनिर्वाण मूर्तीसुद्धा उजव्या कुशीवर, डोक्याखाली हात घेऊन पहुडलेली.

आता मुद्द्याचं. वेताळवाडीच्या किल्ल्याजवळ असो की सह्याद्रीत, डिसेंबरात रात्री कुडकुडायला लावते ती अंगाखालची जमीन. अजिंठ्याचा डोंगर बेसाल्टचा, आणि बेसाल्ट फोमच्या साधारण ४० पट वेगाने उष्णता खेचतो. महागडी स्लीपिंग बॅगही पाठीखाली दबून चपटी होते. तिच्यातली हवा गेली की ऊब गेली. म्हणून पैसे आधी मॅटवर घालावेत, असं माझं ठाम मत.

आपोआप फुगणारी मॅट अमेरिकेत नोकरी गेलेल्या बोइंगच्या इंजिनिअरांनी काढली. बागकामात गुडघ्याखाली घ्यायच्या फोमच्या गादीवरून ती सुचली म्हणे. त्याच्या कितीतरी आधी, १८७६ साली, वेल्सच्या प्राइस-जोन्सने घडी घालून आत शिरायची लोकरी चादर विकायला काढली. तिला फुगवायची उशी जोडलेली होती आणि मोठं गिऱ्हाईक होतं रशियाचं सैन्य!

आपल्या घोंगडीला यातलं काहीच नवं नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पिते, तरी अंगाला ओली लागत नाही. पाठीवर घेऊन घाट चढायचा म्हटलं की मात्र तिच्यावरचं प्रेम आटतं.

जागा निवडताना पाण्याकाठचा मोह टाळा. रात्री गार हवा जड होऊन उताराने खाली वाहते आणि खोलगटात साचते, त्यामुळे वाघूर नदीच्या काठापेक्षा थोडं वरचं सपाट टेपाड उबदार. उतार असलाच तर डोकं चढाच्या बाजूला. घामेजलेला शर्ट बदलूनच आत शिरा. कोरडे कपडे पिशवीत भरले की उशी तयार. तंबूची झडप थोडी उघडी राहू द्या, नाहीतर आपल्याच श्वासाची वाफ पहाटे कपाळावर ठिबकते.

आणि लघवी धरून ठेवल्याने अंग गार पडतं, असं जे सांगतात, ते खरं नाही. ती आधीच अंगाएवढी गरम असते. तरी उठा. धरून ठेवणाऱ्याला तशीही झोप लागत नाही.