रॉकेटची कवचं घडवणारी पन्नास वर्षं

२०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि महाराष्ट्रातल्या जिल्हा आवृत्त्यांमधून आपापल्या गावच्या वाट्याच्या बातम्या येऊ लागल्या. इंदापूर, सांगली, जुन्नर, खामगाव ही नावं तेव्हा चंद्राशी जोडली गेली. त्या बातम्यांमागचा अभिमान खराच होता. पण वाचणाऱ्याचा समज असा व्हायचा की हे सारं त्या एका मोहिमेपुरतं होतं. प्रत्यक्षात या राज्यातले कारखाने अर्ध्या शतकापासून रॉकेटचे भाग घडवत आहेत, आणि एवढ्या काळात आपण त्याला कधी एक उद्योग म्हणून मोजलेलं नाही.

भारताचा अवकाश कार्यक्रम १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या पंखाखाली सुरू झाला. त्या विभागाचं मुख्यालय मुंबईत. तरीही पुढे इस्रोचं एकही मोठं केंद्र महाराष्ट्राला मिळालं नाही, आणि त्याची कारणं समजण्याजोगी आहेत. चुंबकीय विषुववृत्त जवळून जातं म्हणून केरळमधलं थुंबा निवडलं गेलं आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिलं रॉकेट उडालं. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला मोकळा समुद्र होता. अहमदाबाद हे या कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांचं घर. १९७२ मध्ये सतीश धवन इस्रोचे प्रमुख झाले ते बंगळूरच्या विज्ञान संस्थेचं संचालकपद न सोडता, त्यामुळे मुख्यालयही बंगळूरला गेलं. तिथे विमानउद्योगाचा पाया आधीच घातलेला होता, तोही सोलापुरात जन्मलेल्या एका उद्योजकाने. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी बंगळूरलाच काढली होती.

माणसंही बाहेर गेली आणि तिथे मोठी झाली. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस थुंब्याची जागा शोधण्यापासून साराभाईंबरोबर होते. वसंत गोवारीकर १९६७ मध्ये थुंब्याला गेले, घन इंधनाचं काम त्यांनी उभं केलं आणि पुढे तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळेही नंतर त्याच पदावर होते. महाराष्ट्रात उरलं ते लोखंडाचं काम, आणि मला वाटतं खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

धवनांचं धोरण स्पष्ट होतं. सगळं इस्रोच्या चार भिंतींत बनवायचं नाही, देशातल्या कारखान्यांना शिकवून त्यांच्याकडून करून घ्यायचं. सत्तरच्या दशकात ज्यांना असं काम मिळालं त्यांत इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर होतं. नीरेच्या काठचा हा उसाचा मुलूख. इथला कारखाना साखर कारखान्यांची यंत्रं बनवत असे. बॉयलर, टाक्या, गिअरबॉक्स, जाड पत्रा वाकवणं, जोडणं, दाबाखाली तपासणं हे तिथल्या कामगारांच्या हातात बसलेलं होतं. घन इंधनाच्या रॉकेटचं कवच, म्हणजे मोटर केसिंग, हेही दाब सोसणारं भांडंच असतं. फरक आहे तो अचूकतेत आणि धातूत.

इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचं केसिंग २.८ मीटर व्यासाच्या पाच तुकड्यांचं असतं. ते बनतं मॅरेजिंग स्टीलचं. त्यात सुमारे १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम, कार्बन मात्र नावापुरता. या पोलादाचा गुण असा की आधी ते मशिनिंगला आणि वेल्डिंगला ऐकतं, आणि सगळं काम झाल्यावर भट्टीत ४८० अंशांच्या आसपास काही तास ठेवलं की आकार फारसा न बिघडता कमालीचं बळकट होतं. पण एवढ्या बळकट धातूत सांध्यातली बारीक भेगही घातक ठरते. म्हणून प्रत्येक सांध्याचा एक्स-रे काढायचा, गोलाई पुन्हा पुन्हा मोजायची आणि शेवटी आत पाणी भरून दाब देऊन पाहायचं. दोष सापडला तर तो जॉब किती महिन्यांच्या मेहनतीचा होता याला काही अर्थ उरत नाही. बॉयलर बनवणाऱ्या वेल्डरने हे शिकणं म्हणजे जुनी सवय मोडून नवी लावणं. ते एका पिढीने शिकून पुढच्या पिढीला दिलं. चांद्रयान-३ ला उचलणारे एस-२०० बूस्टर ३.२ मीटर व्यासाचे, सुमारे २५ मीटर उंच, प्रत्येकात २०० टनांहून जास्त इंधन. त्यांच्या केसिंगमध्ये वालचंदनगरचं काम आहे आणि पवईच्या लार्सन अँड टुब्रोचंही. गगनयानच्या बूस्टरचा भागही २०२० मध्ये पवईतूनच रवाना झाला.

विक्रोळीची कथा द्रव इंधनाची आहे. फ्रान्सबरोबरच्या १९७४ च्या करारातून इस्रोच्या अभियंत्यांनी वायकिंग इंजिनाचं तंत्र आत्मसात केलं आणि त्यातून ‘विकास’ इंजिन आलं. ते घडवण्याचं काम हैदराबादच्या एमटीएआरबरोबर विक्रोळीच्या गोदरेजकडे आलं. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात एक विकास असतं, चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ च्या मधल्या टप्प्यात दोन. कपाटं आणि कुलुपं बनवणारी कंपनी म्हणून आपण जिला ओळखतो, तिच्या एका शॉपमध्ये ही इंजिनं तयार होत आली.

या काळात कारखान्यांना मोठा नफा नव्हता, हे मुद्दाम नोंदवायला हवं. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ यशस्वी झालं ते ४० किलो वजन वर नेण्यासाठीच बनवलेलं होतं. पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण १९९३ मध्ये फसलं, पुढच्या वर्षी जमलं. वर्षाला मोजकी उड्डाणं, म्हणजे मोजक्याच ऑर्डरी. त्यासाठी वेगळी शॉप, वेगळी भट्टी, वेगळी माणसं वर्षानुवर्षं राखायची. हिशेबाच्या वहीत हे बसत नाही. ज्यांनी ते केलं त्यांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण एक उणीवही याच व्यवस्थेने जन्माला घातली. ड्रॉइंग तिरुवनंतपुरमहून यायचं, माल तपासून इस्रोचे लोक घेऊन जायचे. कारखान्याला जॉब माहीत, रॉकेट नाही. अख्खी वस्तू रचण्याचं, तिची जोखीम घेण्याचं, ती विकण्याचं ज्ञान इथे साठलंच नाही. चाळीस वर्षं उत्तम पुरवठादार राहूनही महाराष्ट्रात स्वतःचं रॉकेट किंवा उपग्रह बनवणारी कंपनी उभी राहिली नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

ही कोंडी फोडायला सुरुवात केली ती विद्यार्थ्यांनी. २०१६ च्या जूनमध्ये पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ हा एक किलोच्या आतला उपग्रह आणि सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ अवकाशात गेला. दोन्हींसाठी विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या राबल्या. एक जण पदवी घेऊन जायचा, दुसरा त्याची वही पुढे चालवायचा. ‘प्रथम’वर काम केलेल्यांमधूनच २०१७ मध्ये मनस्तु स्पेस ही उपग्रहांसाठी कमी विषारी इंधनावर चालणारी इंजिनं बनवणारी कंपनी निघाली. इथे पहिल्यांदा ड्रॉइंगही आपलं होतं.

२०२० च्या जूनमध्ये केंद्राने अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं. २०२२ मध्ये पाच पीएसएलव्ही पूर्ण बांधून देण्याचं ८६० कोटींचं कंत्राट हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला मिळालं. भाग पुरवणाऱ्याकडे अख्खं रॉकेट आलं, हा बदल मोठाच आहे. त्याच वर्षी हैदराबादच्या स्कायरूटने आपल्या कलाम-१०० मोटरची चाचणी घेतली ती नागपूरला, सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात. स्फोटकं बनवणाऱ्या विदर्भातल्या या उद्योगाने स्कायरूटमध्ये पैसाही घातला आहे. म्हणजे भांडवल, चाचणीची जागा, दारूकामाचं ज्ञान नागपूरकडे आणि रॉकेट हैदराबादचं.

२०२५ मध्ये तामिळनाडू आणि गुजरात या दोन राज्यांनी खास अवकाश उद्योगासाठी धोरणं आणली. आपल्याकडे विमान आणि संरक्षण उत्पादनाचं धोरण २०१८ मध्ये आलं. त्याच्या जोडीला एक ठोस काम करता येईल. पुणे-इंदापूर पट्ट्यात एक सामाईक तपासणी केंद्र हवं, जिथे चाकण-भोसरीच्या लहान कारखानदाराला भाड्याने व्हॅक्यूम चेंबर, कंपन चाचणीचं टेबल आणि मोठ्या जॉबचा एक्स-रे मिळेल. आज ही यंत्रं त्याला स्वतः घेणं अशक्य आहे, आणि चाचणीचा दाखला नसेल तर त्याच्या मालाकडे कोणतीही उपग्रह कंपनी बघणार नाही. वालचंदनगर आणि पवईतल्या शॉपमधून निवृत्त होणारे वेल्डर आणि तपासनीस याच केंद्रात शिकवायला बसवावेत, ते अजून हिंडतेफिरते आहेत तोवर.