सॉलिड स्टेट ड्राइव्ह आणि हॉट-स्वॅप कप्पा : विद्युतपुरवठ्याची सुसंगतता

छत्रपती संभाजीनगरमधील एखाद्या महाविद्यालयाच्या सर्व्हरवरील शोधप्रबंध व परीक्षांच्या नोंदी असलेला ड्राइव्ह हॉट-स्वॅप कप्प्यात सुरू न झाल्यास तो निकामी ठरविण्यापूर्वी विद्युतपुरवठा तपासणे अगत्याचे आहे. साटा विद्युतजोडणीत १५ पिना असून मूळ रचनेत त्यांद्वारे ३.३, ५ व १२ व्होल्ट असे तीन दाब पुरविले जातात. २.५ इंची साटा सॉलिड स्टेट ड्राइव्ह सामान्यतः ५ व्होल्टवर चालतो. तथापि, २०१६ च्या साटा ३.३ मानकाने तिसऱ्या पिनेस वीज खंडित करण्याच्या संकेताचे कार्य दिले. परिणामी, जुन्या कप्प्यातून त्या पिनेवर सतत ३.३ व्होल्ट आल्यास ही सोय असलेला ड्राइव्ह निर्दोष असूनही सुरूच होत नाही. ३.३ व्होल्टची तार नसलेल्या जोडणीवर तो चालल्यास दोष कप्प्याच्या विसंगतीचा होय. सारांश, खरेदीपूर्वी दोहोंची विनिर्देशपत्रे ताडून पाहिल्यास खर्च टळतो व विदाही सुरक्षित राहते.