भातुकलीची बखर

२००९ च्या जून महिन्यात ‘द सिम्स ३’ हा संगणकावर पात्रांचा संसार चालवण्याचा खेळ बाजारात आला आणि ब्रिटनमध्ये गेम डिझाइनचं शिक्षण घेणाऱ्या रॉबिन बर्किनशॉ या तरुणाने त्यात एका बापलेकीचं बिऱ्हाड मांडलं. बिऱ्हाड म्हणायचं इतकंच, घर नव्हतंच. ओसाड बागेसारखी दिसणारी मोकळी जागा आणि खिशात दमडी नाही. बाकीचे खेळाडू आपापल्या पात्रांना ऐसपैस बंगला आणि पोहण्याचा तलाव मिळवून देण्याच्या खटपटीत असताना याने आपल्या दोघांकडची शिल्लक रक्कमही काढून घेतली. बापाचं नाव केव, लेकीचं ॲलिस. या खेळात पात्र घडवताना त्याचे स्वभावगुण आधी नेमून द्यावे लागतात. केव तापट, खुनशी, कुठे काय बोलावं याचा पोच नसलेला, डोकं ठिकाणावर नसलेला आणि वर लहान मुलांचा तिटकारा असलेला. ॲलिस मायाळू, पण वेंधळी आणि स्वतःला कायम कमी लेखणारी. मग ही दोघं कशी जगतात ते बर्किनशॉ चित्रांसह लिहीत गेला आणि आंतरजालावर टाकत गेला.

ॲलिस शाळेत जाते, पण झोपेचा पत्ता नसतो. मिळेल तिथे अंग टाकते, मिळेल ते खाते. घरी, म्हणजे त्या मोकळ्या जागेत, बाप तिच्यावर खेकसत असतो. पुढे तिला अर्धवेळ नोकरी लागते आणि पहिला पगार हातात पडतो. पगार तुटपुंजाच, पण त्यात तिच्या पोटाची थोडी सोय झाली असती. ‘सिम्स ३’मधल्या पात्रांच्या मनात अधूनमधून इच्छा उमटतात, त्या पडद्यावर दिसतात, आणि त्या पुरवायच्या की नाही हे खेळाडू ठरवतो. त्या क्षणी ॲलिसच्या मनात उमटलेली इच्छा होती, पैसे दान करण्याची. बर्किनशॉने ती पुरवली. मुलीने कमावलेले पैसे दान केले आणि पुन्हा उपाशी राहिली.

यामागे काय होतं ते संगणकाच्या भाषेत सांगता येतं. मायाळू स्वभावाच्या पात्रांसाठी इच्छांची एक यादी असते. त्यातली एक इच्छा वर आली, एवढंच. हीच इच्छा बंगल्यात राहणाऱ्या एखाद्या पात्राच्या मनात आली असती तर कुणी तिची दखलही घेतली नसती. तिला वजन आलं ते आधीच्या दिवसांमुळे, आणि ते दिवस वाचकापर्यंत पोचले ते कुणीतरी ओळीने टिपून ठेवले होते म्हणून. हजारो लोकांनी ही कथा वाचली, चाहत्यांनी तिचे अनेक भाषांत अनुवाद केले आणि बेघर माणसांबद्दल गेमच्या जगात एरवी न होणारी चर्चा झाली. खेळात घटना घडतात. त्यांची कथा होते ती टिपणाऱ्याच्या हातून, आणि हे काम लेखकाचंच आहे. जीवनसदृश खेळांतून जन्मलेल्या या साहित्याकडे अजूनही पोरखेळ म्हणून पाहिलं जातं, तो त्याच्यावर अन्याय आहे.

सिम्स मालिकेची सुरुवात एका आगीपासून झाली. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला आणि त्यात विल राइट या गेम डिझायनरचं घर खाक झालं. ‘सिमसिटी’मुळे राइटचं नाव तेव्हा आधीच गाजलेलं होतं. नव्याने संसार उभारताना कोणती वस्तू खरंच लागते आणि कोणती नुसतीच जागा अडवत होती, याचा विचार त्याच्या डोक्यात घोळू लागला. त्यातून आधी घर बांधण्याच्या खेळाची कल्पना निघाली. बांधलेलं घर किती सोयीचं झालंय हे सांगायला आत छोटी माणसं ठेवायची, असा मूळ बेत होता. पण ती माणसंच घरापेक्षा रंजक निघाली. ४ फेब्रुवारी २००० रोजी ‘द सिम्स’ प्रसिद्ध झाला आणि २००२ मध्ये ‘मिस्ट’ या खेळाला मागे टाकून संगणकावरचा तोवरचा सर्वाधिक खपाचा खेळ ठरला. मुली आणि स्त्रिया इतक्या मोठ्या संख्येने खेळतील असा खेळ त्याआधी क्वचितच निघाला होता.

संगणकाच्या आत माणूस नांदवण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. ॲक्टिव्हिजन कंपनीने १९८५ मध्ये काढलेल्या ‘लिटल कॉम्प्युटर पीपल’मध्ये तीन मजली घरात एक छोटा माणूस राहायला येई आणि आपल्या मनाने वावरे. त्याला काही हवं असलं की तो टंकयंत्रापाशी बसून पत्र लिही.

राइटच्या सिम माणसांची अक्कल त्यांच्या डोक्यात कमी आणि भोवतालच्या वस्तूंमध्ये जास्त असते. फ्रिज जणू हाकारे देत असतो, ‘माझ्याकडे या, भूक भागेल’. पलंग थकवा घालवण्याची हमी देतो, टीव्ही करमणुकीची. भूक, झोप, स्वच्छता, सोबत अशा आठ गरजांपैकी ज्या वेळी जी टोचत असेल तिच्यानुसार पात्र एखाद्या वस्तूकडे वळतं. स्वयंपाक न येणारा सिम चुलीपाशी गेला की घराला आग लागू शकते. हे सगळं इतक्या आडव्या-उभ्या धाग्यांनी विणलेलं आहे की पुढच्या क्षणी काय होईल ते बनवणाऱ्यांनाही सांगता येत नाही. १९९९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ई-३ या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात याचा प्रत्यय आला. प्रात्यक्षिकासाठी लग्नाचा देखावा मांडला होता. पाहुणे इतके की प्रत्येकाच्या हालचाली आधीपासून ठरवून देणं शक्य नव्हतं. त्या गर्दीतल्या दोन स्त्रिया सर्वांदेखत एकमेकींच्या प्रेमात पडल्या आणि त्यांनी चुंबन घेतलं. पॅट्रिक बॅरेट या प्रोग्रामरने समलिंगी प्रेमाची मुभा खेळात घालून ठेवली होती, पण ते दृश्य त्या दिवशी रचलं कुणीच नव्हतं. प्रदर्शनात या खेळाची सर्वाधिक चर्चा झाली ती त्यामुळेच.

सिम माणसांच्या तोंडी आपल्याला समजेल अशी कोणतीही भाषा घातली नाही, हा निर्णयही तितकाच मोलाचा. स्टीफन केरिन आणि जेरी लॉलर या उत्स्फूर्त अभिनय करणाऱ्या कलाकारांनी ‘सिमलिश’ नावाची निव्वळ ध्वनींची बोली घडवली. स्वर रागाचा आहे की लाडाचा हे कळतं, शब्द कळत नाहीत. मोकळी सोडलेली ती जागा भरायची कुणी? अर्थात खेळणाऱ्याने. म्हणूनच पुण्यातली एखादी मुलगी त्याच भांडणाला मराठी संवाद देऊ शकते आणि तो ओढूनताणून बसवल्यासारखा वाटत नाही.

टिपून ठेवण्याची सोय पहिल्या खेळातच होती. ‘सी’ हे बटण दाबलं की समोरच्या दृश्याचा फोटो निघून कुटुंबाच्या अल्बममध्ये जाई आणि फोटोखाली मजकूर लिहिता येई. पूर्ण झालेला अल्बम घर आणि कुटुंबासकट ‘सिम्स एक्स्चेंज’ या कंपनीच्या संकेतस्थळावर चढवता येत असे. वाचणाऱ्याला कथा आवडली तर ते अख्खं कुटुंब स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यायचं आणि कथा पुढे न्यायची. खेळ बनवणाऱ्यांना तिथे घरसजावटीचे नमुने दिसतील असं वाटलं असेल, तर आले ते अल्बम पाहून तेही चकित झाले असणार. लोकांनी घटस्फोट लिहिले, आजारपणं लिहिली, घरात होणारा छळ लिहिला. समोरासमोर बसून कुणाला सांगता आलं नसतं ते सिमच्या तोंडी घालून सांगितलं.

२००४ चा ‘द सिम्स २’ या कथाकारांसाठीच बनवला असावा असं वाटतं. त्यात व्हिडिओ चित्रित करता येऊ लागला, पात्रं म्हातारी होऊ लागली, मुलांमध्ये आईबापांचे नाकडोळे उतरू लागले आणि प्रत्येकाच्या आयुष्यातल्या घटना आठवणी म्हणून नोंदल्या जाऊ लागल्या. खेळासोबत येणाऱ्या तयार कुटुंबांचे अल्बमही आधीच भरलेले असत. त्यातले फोटो आणि त्यांखालच्या ओळी वाचूनच नव्या खेळाडूला कथा सांगण्याची रीत कळे. बेला गॉथ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं कोडं. पहिल्या खेळातली ही लाल पोशाखातली गृहिणी दुसऱ्यात नाहीशी झालेली असते. नवरा मॉर्टिमर म्हातारा झालेला, आणि दूरच्या दुसऱ्या गावात मात्र तिच्यासारखी दिसणारी एक बाई राहत असते. परग्रहवासीयांनी नेलं, की आणखी काही? खेळात याचं सरळ उत्तर नाही. तिचा शोध लावणाऱ्या कथा चाहते आजही लिहितात. ‘रूस्टर टीथ’ या गटाने २००४ मध्येच या खेळात ‘द स्ट्रेंजरहूड’ ही विनोदी मालिका चित्रित केली. खेळाच्या यंत्रणेतच सिनेमा बनवण्याच्या या प्रकाराला मशिनिमा म्हणतात.

पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या कथा आल्या त्या ‘लेगसी चॅलेंज’मुळे. पिनस्टार या टोपणनावाच्या खेळाडूने घालून दिलेले नियम मोजकेच आहेत. एकच मूळपुरुष किंवा मूळस्त्री, भलामोठा रिकामा भूखंड, गाठीला जेमतेम पैसे, पैशांसाठी चीट, म्हणजे खेळाच्या नियमांना बगल देणारी छुपी आज्ञा, वापरायची नाही, आणि वंश दहा पिढ्या चालवायचा. दहा पिढ्या हे आव्हान कठीण आहे ते कौशल्यापेक्षा चिकाटीमुळे. चौथ्या पिढीपर्यंत पोचलेल्या खेळाडूला पणजीने कुठल्या खोलीत प्राण सोडला, कोणत्या काकाने घर सोडलं हे लक्षात ठेवायचं तर लिहून ठेवण्याला पर्याय नसतो. वंशवेल, जन्ममृत्यूच्या नोंदी, भिंतीवरच्या तसबिरी असं सगळं जमत जातं. पुढे ‘सिम्स ४’साठी दोन खेळाडूंनी ‘नॉट सो बेरी’ नावाचं आव्हान तयार केलं. त्यात प्रत्येक पिढीला एक रंग, एक व्यवसाय आणि काही स्वभावगुण नेमून दिलेले असतात. बझफीडच्या केल्सी इम्पिचिकीने शंभर मुलांना जन्म देण्याचं आव्हान व्हिडिओंतून खेळून दाखवलं आणि ती या जगातलं मोठं नाव झाली. २०२० मध्ये ‘द सिम्स स्पार्क्ड’ या टीव्ही स्पर्धेची ती परीक्षकही होती. तिथे बारा स्पर्धक सिम्समध्ये कथा रचत होते आणि बक्षीस होतं एक लाख डॉलर.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं? ‘सिम्स ४’मध्ये टॅब दाबला की कॅमेरा मोकळा होतो, ‘सी’ने फोटो निघतो, ‘व्ही’ने चित्रण सुरू होतं. पात्राच्या डोक्यावरचा तो प्रसिद्ध हिरवा स्फटिक आणि विचारांचे फुगे कथेत आड येतात, म्हणून आधी एक चीट टाइप करून ते घालवायचे. घराच्या भिंती योग्य जागी उतरवायच्या. पात्राने खांदे पाडून खिडकीशी उभं राहायला हवं असेल तर चाहत्यांनी बनवलेला मॉड वापरून ती ढब द्यायची. एका चौकटीसाठी खेळ अनेकदा थांबवायचा, पुन्हा चालू करायचा. पण खरी कसोटी निवडीची. आजोबा गेले असं समजा. काळ्या कफनीतला मृत्युदूत हातात टॅबलेट घेऊन येतो, घरचे रडतात, आणि आपलं काम आटोपल्यावर तो कधीकधी तिथेच रेंगाळतो. त्याच वेळी नातू भूक लागली म्हणून फ्रिज उघडतो. शोकाचं दृश्य नीटनेटकं हवं असलेला कथाकार नातवाला चौकटीबाहेर ठेवेल. जाणता कथाकार त्याला आत घेईल, कारण खऱ्या घरातही मयताच्या दिवशी लेकरांना भूक लागतेच.

चित्रांशिवायही हे साधतं. झॅक आणि टार्न ॲडम्स या भावांच्या ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’मध्ये बुटक्यांची वसाहत नांदते आणि २००६ मध्ये तो खेळ लोकांसमोर आला तेव्हा पडद्यावर केवळ अक्षरं आणि चिन्हं दिसत. त्याच सुमारास काही खेळाडूंनी ‘बोटमर्डर्ड’ नावाचा एक किल्ला आळीपाळीने चालवला. प्रत्येकाने खेळातलं एक वर्ष राज्य करायचं, काय घडलं ते लिहायचं आणि सेव्ह फाइल पुढच्याच्या हवाली करायची. हत्तींचे हल्ले, लाव्हाचा लोट, वेडाचार, आणि शेवटी किल्ल्याचा विनाश. आधीच्या कारभाऱ्याने कुठला पूल कशासाठी बांधला हे पुढच्याला उमगत नाही, तो चुकीचा खटका ओढतो आणि माणसं मरतात. वेगवेगळ्या स्वभावाच्या लेखकांचे वेगवेगळे आवाज त्यात एकामागून एक ऐकू येतात, आणि या प्रकारातल्या सर्वोत्तम लिखाणात त्याची गणना करावी लागते. शिवाय या खेळातले बुटके स्वतःही नोंद ठेवतात. वसाहतीत घडलेले प्रसंग ते दगडी भिंतींवर कोरतात.

मार्च २०२० मध्ये ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ हा बेटावर संसार मांडण्याचा खेळ आला तेव्हा करोनाच्या साथीमुळे जग घरात कोंडलेलं होतं. रद्द झालेली लग्नं लोकांनी त्या बेटांवर लावली. पटकथालेखक गॅरी व्हिटाने तर आपल्या बेटावरच्या घरात चक्क मुलाखतींचा कार्यक्रम चालवला.

कथा कुणाच्या दिसतात हाही प्रश्न आहेच. गव्हाळ किंवा सावळ्या वर्णाचं पात्र ‘सिम्स ४’मध्ये नीट जमत नाही अशी खेळाडूंची जुनी तक्रार होती. डिसेंबर २०२० मध्ये शंभराहून अधिक नव्या छटा आल्यावर ती बरीच कमी झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘फॅशन स्ट्रीट’ हा कपड्यांचा संच आला, तो मुंबईच्या रस्त्यावरच्या फॅशनवरून बेतलेला. महात्मा गांधी रस्त्यावर घासाघीस करून कुर्ते घेणाऱ्या मुलीला आपल्या शहराची ओळख तिथे दिसणं ही छोटी गोष्ट नव्हे. तरी तुळशीवृंदावन हवं असेल तर ते हाताशी असतील त्या वस्तूंतूनच जमवावं लागतं.

एवढं सगळं लिहिलं जातं, ते टिकतं किती? न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी पहिले चौदा व्हिडिओ गेम घेतले, त्यांत ‘द सिम्स’ आणि ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ दोन्ही होते. ते गेम जपले जातील. पण सिम्स एक्स्चेंज काळाच्या ओघात बंद झालं आणि तिथले असंख्य अल्बम त्यासोबत गेले. ज्यांनी प्रती काढून ठेवल्या होत्या त्यांचेच उरले. जानेवारी २०२५ मध्ये पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त पहिले दोन्ही खेळ पुन्हा विक्रीला आले, गॉथ कुटुंब परत आलं, पण खेळाडूंनी एक्स्चेंजवर लिहिलेली कुटुंबं परत आली नाहीत. आजच्या ‘सिम्स ४’मध्ये गॅलरी आहे. तिथून घर उतरवून घेता येतं, कुटुंब घेता येतं, त्यांचे चेहरे, स्वभाव, घरातली नाती जशीच्या तशी येतात. त्या घरात काय घडलं ते मात्र येत नाही. म्हणून जुने कथाकार नवख्यांना एकच गोष्ट बजावत असतात. फोटो खेळाच्या फोल्डरमध्ये पडून राहू देऊ नका, पिढीनुसार वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, प्रत्येकाला नाव द्या, आणि प्रसंग ताजा असतानाच त्याखाली दोन ओळी लिहून ठेवा.