पाठमोरा माणूस, समोर समुद्र

समुद्रकाठी एकट्याच बसलेल्या, विचारात गढून गेलेल्या अनोळखी माणसाचे छायाचित्र हा छायाचित्रणातला जुना आणि वरकरणी सोपा विषय आहे. घटक मोजून तीन: माणूस, पाणी आणि आकाश. पण अडचण या विषयाच्या मुळाशीच आहे. माणूस स्वतःत हरवलेला असतो तोवरच ते चित्र असते. कॅमेरा दिसला की तो सावरून बसतो, केसांवरून हात फिरवतो, कसनुसे हसतो, आणि टिपायचे होते तेच निघून जाते. ज्याच्या नकळत हे चित्र घ्यायचे, त्याची परवानगी आधी मागता येत नाही. या प्रकारातले कलेचे आणि नीतीचे बहुतेक प्रश्न या पेचातून निघतात. त्यातून सुटायची एक वाट समुद्रच दाखवतो, कारण समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाची पाठ आपोआप बाकीच्यांकडे होते.

पाठमोऱ्या आकृतीची ताकद चित्रकारांनी कॅमेऱ्याच्या आधीच ओळखली होती. जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिश याने १८०८ ते १८१० या काळात समुद्रकाठी उभ्या असलेल्या एका ख्रिस्ती मठवाशाचे तैलचित्र रंगवले. सुमारे ११० बाय १७१ सेंटीमीटरच्या या कॅनव्हासवर बहुतांश भाग आकाशाने व्यापलेला आहे. खाली काळसर पाण्याचा पट्टा, त्याखाली फिकट वाळू, आणि त्या वाळूवर जवळजवळ पाठमोरा असा एक इवलासा माणूस. इन्फ्रारेड तपासणीत असे दिसले, की फ्रीडरिशने पाण्यावर आधी जहाजे काढली होती आणि नंतर ती रंगाखाली झाकून टाकली. नजर अडेल असे काहीच उरले नाही, तेव्हा बघणाऱ्याचे सगळे लक्ष त्या माणसाकडे आणि त्याच्यापुढच्या रित्या अवकाशाकडे वळले. १८१० मध्ये बर्लिनच्या अकादमीत मांडलेले हे चित्र प्रशियाच्या राजाने विकत घेतले. आज ते बर्लिनच्याच आल्टे नात्सिओनालगॅलरीत आहे. चेहरा न दाखवल्याने ती व्यक्ती कोण हा प्रश्न मागे पडतो आणि बघणारा तिच्या जागी स्वतःला उभा करतो. आजचे छायाचित्रकारही याच युक्तीवर विसंबतात.

छायाचित्रणाला हे जमायला मात्र वेळ लागला. १८५० च्या दशकातल्या काचेवरच्या रसायनांना निळा रंग फार लवकर लागे. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक पडे. फ्रेंच छायाचित्रकार ग्यूस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास काही समुद्रचित्रांसाठी आकाशाची एक काच आणि पाण्याची दुसरी, अशा दोन निगेटिव्ह जोडून एक छाप काढला. प्रकाशाचा प्रश्न असा सुटला, तरी तिवईवरच्या भल्यामोठ्या कॅमेऱ्यापुढे कोणी बेसावध राहणे शक्य नव्हते. १८९२ मध्ये पॉल मार्टिन या छायाचित्रकाराने इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथच्या वाळूवर सुट्टीला आलेल्या लोकांची त्यांच्या नकळत चित्रे घेतली. त्याचा ‘फॅसाइल’ कॅमेरा काखेत धरलेल्या पेटीसारखा दिसे, त्यामुळे कोणाला संशय येत नसे. १९२५ मध्ये लायपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा लोकांसमोर आला आणि मुठीत मावेल अशा यंत्राचे युग सुरू झाले. आंरी कार्तिए-ब्रेसाँ तर लायकाचे चकाकणारे भागही काळ्या पट्टीने झाकून टाकत, म्हणजे कोणाची नजर जायला नको. आता आवाज न करणारा शटर बहुतेक फोनमध्ये आहे.

या विषयासाठी भारतातली सर्वांत ओळखीची जागा म्हणजे मुंबईचा मरीन ड्राइव्ह. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीच्या पुढपर्यंत सुमारे साडेतीन किलोमीटरचा हा रस्ता, त्याला लागून रुंद पदपथ आणि पदपथाच्या कडेला सलग कट्टा. रस्त्यापलीकडच्या आर्ट डेको इमारतींचा समावेश २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. पण संध्याकाळी कट्ट्यावर येणाऱ्यांचा त्या इमारतींशी फारसा संबंध नसतो. रस्त्याकडे पाठ, समुद्राकडे तोंड आणि पाय खाली सोडलेले, अशी इथली बैठक ठरून गेली आहे. ऑफिस सुटल्यावर लोकल पकडण्याआधी दहा मिनिटे टेकलेला कारकून, परीक्षेचा निकाल लागलेला विद्यार्थी, रोज त्याच ठिकाणी येणारे निवृत्त गृहस्थ, सगळे शेजारी शेजारी आणि तरीही एकेकटे बसतात. घरात एकांत न मिळणाऱ्या शहरात हा कट्टा पुष्कळांच्या उपयोगी पडतो.

इथला प्रकाश ऋतूप्रमाणे जागा बदलतो. नोव्हेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासात उलटून जातात. मरीन ड्राइव्हच्या मधल्या भागातून पाहिले तर डिसेंबरात सूर्य नैऋत्येला सरकलेला असतो आणि मोकळ्या पाण्यावर टेकतो. जूनमध्ये तो वायव्येला, मलबार हिलच्या इमारतींमागे जातो. म्हणून पाण्यावरचा लांब सोनेरी पट्टा हवा असेल तर थंडीचे दिवस बरे. पावसाळ्यातल्या ढगाळ संध्याकाळी सावल्या नसतात आणि कपड्यांचे रंग, ओले दगड, करडे पाणी स्वच्छ उमटते. मोठ्या भरतीच्या वेळी मात्र लाटा कट्ट्यावरून उसळतात. अशा वेळी कट्ट्यावर बसणे किंवा खालच्या सिमेंटच्या टेट्रापॉडवर उतरणे जिवावर बेतू शकते.

चित्राच्या रचनेत सर्वाधिक घोळ क्षितिजामुळे होतो. सपाट समुद्रावर क्षितिजरेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीला येते. कट्ट्यावर बसलेल्याचे डोके आणि उभ्या छायाचित्रकाराचा कॅमेरा बहुधा जवळपास एकाच उंचीवर असतात. त्यामुळे रेषा नेमकी डोक्यातून किंवा मानेतून आरपार जाते आणि आकृती कापल्यासारखी दिसते. उपाय सोपा आहे. गुडघ्यावर बसून कॅमेरा खाली घेतला की क्षितिज त्या माणसाच्या पाठीपर्यंत उतरते आणि डोके, खांदे मोकळ्या आकाशावर उठून दिसतात. उलट, एखाद्या पायरीवर चढून कॅमेरा वर नेला तर क्षितिज डोक्याच्या वर जाते आणि माणूस पूर्णपणे पाण्याने वेढला जातो. पहिल्या चित्रात आकृती ठळक होते, दुसऱ्यात ती लहान आणि एकटी वाटते.

दुसरा घोळ प्रकाशमापनाचा. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. पाणी आणि आकाश चकाकत असले की तो एक्स्पोजर कमी करतो आणि माणूस काळा पडतो. शर्टाच्या सुरकुत्या, वेणी, हातातली पिशवी दिसायला हवी असेल तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवावे. फोनवर त्या माणसाच्या आकृतीला बोट लावले तरी हेच घडते. नुसती काळी छायाकृती हवी असेल तर आकाशावर मापन करावे. छायाकृतीत ओळख पटत नाही, हा तिचा आणखी एक फायदा. पण मग बाह्यरेषा बोलकी लागते: हात शरीरापासून सुटा हवा आणि मान किंचित वळलेली.

अंतराचा प्रश्न तंत्राइतकाच शिष्टाचाराचा आहे. ३५ मिलिमीटरच्या लेन्सने चार-पाच पावलांवरून घेतलेल्या चित्रात कट्ट्याची लांबी आणि आकाश सामावते, आणि छायाचित्रकारही उघडपणे तिथे असतो. २०० मिलिमीटरच्या लेन्सने दुरून घेतले तर मागच्या इमारती जवळ ओढल्यासारख्या मोठ्या दिसतात, पण चोरून बघितल्याचा भाव चित्रात उतरतो. नेदरलँड्सच्या रिनेके डाइकस्ट्रा यांनी १९९० च्या दशकात निरनिराळ्या देशांच्या किनाऱ्यांवर किशोरवयीन मुलामुलींची चित्रे मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्याने, त्यांना समोर उभे करून घेतली. त्या चित्रांत संमती आहे, नजरेला नजर आहे. मात्र समुद्रासमोरची तंद्री नाही. दोन्ही एकाच वेळी साधणे अवघड, हे त्या चित्रांवरून कळते.

कायदाही देशोदेशी वेगळा आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचे छायाचित्र १९८८ मध्ये तिच्या नकळत एका कलाविषयक मासिकात छापले गेले. चित्रात आक्षेपार्ह काहीच नव्हते. तरीही १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्यूबेक प्रांताच्या कायद्यानुसार स्वतःच्या प्रतिमेवरचा तिचा हक्क मान्य केला आणि २,००० डॉलरची भरपाई कायम केली. याउलट न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लोर्का डिकोर्सिया यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये वाटसरूंच्या नकळत टिपलेले चेहरे कलाकृती ठरले आणि एका वाटसरूचा दावा २००६ मध्ये फेटाळला गेला. भारतात सार्वजनिक जागी कोणाचेही छायाचित्र घेण्यावर सरसकट बंदी नाही. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यावरून त्याचा खासगीपणा संपत नाही, असेही त्या निकालात म्हटले आहे. जाहिरातीसाठी किंवा विक्रीसाठी ओळखू येणारा चेहरा वापरायचा तर लेखी संमती घेणे हाच सुरक्षित मार्ग.

व्यवहारात पुष्कळ छायाचित्रकार मधला रस्ता धरतात: आधी चित्र घ्यायचे, मग जवळ जाऊन ते दाखवायचे. “काका, तुमचा पाठमोरा फोटो घेतलाय, ठेवू का?” एवढे विचारले की बहुतेकदा होकार येतो, कधी फोटो पाठवून द्यायची फर्माईश होते. नकार आला तर त्याच्यासमोरच तो पुसावा. रडणाऱ्या, आजारी किंवा भेदरलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र कॅमेरा खाली ठेवायचा असतो. पाण्याच्या अगदी कडेला कोणी अस्वस्थपणे उभे असेल तर आधी त्याच्याशी बोलावे, गरज पडल्यास जीवरक्षकाला किंवा पोलिसांना बोलवावे.

शेवटचा भाग चित्राखालच्या ओळीचा. समुद्राकडे बघत बसलेला माणूस उदास असतो, प्रेमभंग झालेला असतो किंवा आयुष्याचा हिशोब मांडत असतो, असे बघणाऱ्याला वाटते. तो कदाचित मित्राची वाट बघत असतो किंवा नुसता वारा खात असतो. छायाचित्रातून फक्त तो तिथे, त्या वेळी, तसा बसला होता एवढेच सिद्ध होते. म्हणून ओळखू येणाऱ्या माणसाच्या चित्राखाली त्याच्या मनःस्थितीचे वर्णन लिहिणे ही चूक ठरते. जागा आणि तारीख लिहिली की पुरते. बाकीचे वाचकावर सोडावे.