गुडघा दुखावला, मेहनत सुटू नये

शिवाजी पेठेत तालीम आणि फुटबॉलचे वेड घराघरांत. त्यामुळे बैठका मारताना किंवा शाहू स्टेडियमवर खेळताना दुखावलेला गुडघाही इथे नवा नाही. रमजानमध्ये तो जास्त जाणवतो. रात्रीच्या तरावीहच्या 20 रकाती म्हणजे 40 सजदे. प्रत्येक सजद्यात गुडघा पूर्ण दुमडतो.

उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पडून नमाज पढावी, ही सवलत पैगंबर साहेबांनीच दिली आहे. खुर्चीवर नमाज पढण्यात कमीपणा नाही. पण खुर्ची नमाजापुरतीच. दिवसभर बसून राहिले की मांडीचे स्नायू अशक्त होतात आणि सारा भार सांध्यावर येतो.

त्यावर घरातली चटई पुरते. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबावी, 5 अंक मोजून सोडावी. मग उताणे झोपून पाय ताठ ठेवत वीतभर उचलावा. दोन्ही 10-10 वेळा. रोजेदारांनी इफ्तारनंतर तासा-दोन तासांनी, पाणी पिऊन करावे. सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

यंदा बैठका नकोत, मेहनत मात्र हवी. ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन पेठेतल्या मित्रांचे जिने चढायचे आहेत.