साठ हजारांचे स्पीकर नव्या हॉलमध्ये डब्यासारखे का वाजतात?

तर झालं असं की, आमच्या एका मित्राने पुण्यात टू बीएचके घेतला. वास्तुशांत झाली, टीव्ही युनिट बसलं आणि मग गड्याने बरेच दिवस मनात असलेली गोष्ट केली. ६० हजार मोजून स्टिरिओ सिस्टीम आणली. एक ॲम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. दुकानात तासभर बसून, चार जोड्या ऐकून निवडलेले.

घरी लावले आणि पहिल्याच गाण्याला तोंड उतरलं. गाणाऱ्याचा आवाज बादलीत तोंड घालून गायल्यासारखा. बेस नुसता घूं घूं करतोय. वडील सत्तरीतले, जुन्या गाण्यांचे शौकीन. त्यांनी दोन गाणी ऐकली आणि उठता उठता म्हणाले, "शब्दच कळत नाहीत रे. आपला जुना टू-इन-वन बरा होता."

लागलं ना भावाला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. म्हणे ॲम्प्लिफायर कमी पडतोय, ५० वॉटच्या जागी १०० वॉटचा घेतो, अजून ३५ हजार जातील.

आम्ही म्हणालो, थांब. आधी हॉलच्या मध्ये उभा राहा आणि एक टाळी वाजव.

टाळी वाजली आणि मागे "टर्रर्र" असा धातूचा आवाज रेंगाळला. खरा विषय तिथेच होता. स्पीकर चांगले होते, ॲम्प्लिफायरही ठीक होता. बिघडलेला होता तो हॉल.

आता ही गोष्ट पहिल्यांदा नीट मोजून कुणी दाखवली, तर अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या एका तरुण मास्तराने. १८९५ साली तिथल्या फॉग आर्ट म्युझियमच्या नव्याकोऱ्या लेक्चर हॉलमध्ये प्राध्यापक काय बोलतात तेच पोरांना कळत नव्हतं. एक शब्द बोलला की तो साडेपाच सेकंद हॉलमध्ये फिरत राहायचा. तोवर पुढचे दहा शब्द त्यात मिसळायचे. हे दुरुस्त करायचं काम वॉलेस सॅबिन नावाच्या २७ वर्षांच्या फिजिक्सवाल्याच्या गळ्यात पडलं.

सॅबिनने काय केलं? जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत. जशा गाद्या वाढल्या तसा घुमण्याचा वेळ कमी होत गेला. साडेपाच सेकंदांवरून तो सव्वा सेकंदाच्या आत आला. यातूनच खोलीचा आकार आणि त्यातल्या मऊ वस्तूंवरून घुमण्याचा वेळ काढायचं सूत्र निघालं. आजही तेच वापरतात.

आता हे सूत्र मित्राच्या हॉलला लावू. हॉल १० बाय १६ फूट, उंची साडेनऊ फूट. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, वर जिप्सम, भिंतींना प्लास्टिक पेंट, समोर काचेचा स्लायडिंग दरवाजा. यातली एकही गोष्ट आवाज पीत नाही. सगळ्या तो परत फेकतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणजे दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये तो सेकंदाला शंभरच्या वर टपले खाऊ शकतो. असा रिकामा हॉल दीड-दोन सेकंद सहज घुमतो. गाणं ऐकायला बरा हॉल म्हणजे साधारण अर्ध्या सेकंदाचा.

आणि वडिलांची तक्रारही खरी होती. शब्द कळतात ते क, त, प, स असल्या व्यंजनांवरून. ही व्यंजनं क्षणभराची आणि हळू असतात. आधीच्या स्वराचं शेपूट घुमत राहिलं की ती त्याखाली दबतात. तरुण कान त्यातूनही अर्थ काढतात, उतारवयातल्या कानांना ते जड जातं. आवाज वाढवला तर घुमणंही तेवढंच वाढतं, म्हणून व्हॉल्यूम वर नेऊन उपयोग नसतो.

मग जुन्या घरात टू-इन-वन कसा बरा वाजायचा? आठवून बघा ते घर. कॉटवर कापसाची गादी, कोपऱ्यात गोधड्यांची चळत, दोरीवर वाळत घातलेले कपडे, खुंटीवर शर्ट, पुस्तकांनी भरलेलं कपाट, सदा उघडी खिडकी. सॅबिनच्या गाद्या आपल्या घरात आधीच होत्या. (उघडी खिडकी म्हणजे तर आवाज शंभर टक्के बाहेर. सॅबिनने तिलाच मोजमापाचं एकक धरलं होतं.) नवा फ्लॅट आपण चकाचक करतो आणि हे सगळं माळ्यावर टाकतो. दुकानातल्या डेमो रूममध्ये मात्र खाली जाड कार्पेट असतं, भिंतींना पॅनेल असतात. तिथे भारी वाजलेला स्पीकर घरी तसा वाजेल याची गॅरंटी दुकानदारही देऊ शकत नाही.

तेव्हा पहिला खर्च कापडावर. सोफा आणि स्पीकरच्या मध्ये जमिनीवर जाड गालिचा. पातळ सतरंजी चालेल, पण तिचा फरक थोडाच. काचेच्या दरवाजाला जाड पडदा, आणि तो दरवाजाच्या रुंदीच्या दुप्पट कापडाचा, म्हणजे चुण्या पडतील. ताणून लावलेला पातळ पडदा फक्त ऊन अडवतो. लेदरच्या सोफ्यापेक्षा कापडी सोफा चांगला. एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर उत्तमच, कारण ते आवाज थोडा पितं आणि उरलेला वेडावाकडा पसरवतं.

अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल मात्र चिकटवत बसू नका. दोन्हींनी आवाजाला विशेष फरक पडत नाही, भिंतीचा पेंट तेवढा जातो. चहूबाजूंनी पातळ काळा फोम लावणं हा त्याचाच महागडा भाऊ. तो वरच्या पट्टीचा आवाज खातो, बेसला हातही लावत नाही. मग गाणं मेल्यासारखं होतं आणि घूं घूं आहे तशीच राहते.

या घूं घूंचा विषय वेगळा आहे. बेसच्या लाटा लांब असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर लाटेच्या निम्म्या लांबीएवढं झालं की ती लाट तिथेच अडकून फुगते. दहा फुटांसाठी हा आकडा येतो सुमारे ५६ हर्ट्झ. साडेनऊ फूट उंचीसाठी ५९. म्हणजे मित्राच्या हॉलमध्ये रुंदी आणि उंची जवळपास एकाच सुरावर फुगत होत्या. बेस गिटारची ए तार ५५ हर्ट्झची. ती वाजली की अख्खा हॉल तिच्यासोबत गायला लागायचा.

त्यात त्याने स्पीकर ठेवले होते कुठे? टीव्ही युनिटच्या दोन टोकांच्या कप्प्यांत, तिन्ही बाजूंनी प्लायवूड, मागे भिंत. दिसायला एकदम मस्त, इंटिरियरवाल्याने खास त्या मापाचेच कप्पे केले होते. पण भिंत जवळ आली की बेस वाढतो, कोपरा आला की अजून वाढतो आणि वर तो कप्पा स्वतःच खोक्यासारखा वाजतो. सोफाही पाठीमागच्या भिंतीला चिकटलेला, आणि अडकलेल्या लाटेचा जोर भिंतीपाशीच सगळ्यात जास्त असतो. म्हणजे वडील नेमके घुमण्याच्या पोटात बसले होते.

आम्ही काय केलं? स्पीकर कप्प्यांतून काढले आणि सुताराकडून दोन साधे लाकडी स्टँड करून घेतले. मागच्या भिंतीपासून स्पीकर फूटभर पुढे. सोफा भिंतीपासून नऊ इंच पुढे (वहिनींना हे आजही मान्य नाही, पण चालवून घेतात). दोन स्पीकरमध्ये सात फूट आणि प्रत्येक स्पीकरपासून सोफ्यावरच्या डोक्यापर्यंतही साधारण तेवढंच, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण. स्पीकरमधला छोटा गोल, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, जमिनीपासून तीन-सव्वातीन फूट. तोंडं किंचित आत वळवलेली.

त्रिकोण कशाला? तर स्टिरिओ ही मुळात कानांची फसवणूक आहे. १९३१ साली इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन नावाच्या इंजिनिअरने तिचं पेटंट मागितलं. सिनेमात नट पडद्यावर उजवीकडे चालत जातो आणि आवाज मात्र एकाच जागेवरून येतो, हे त्याला खटकायचं. दोन्ही स्पीकरमधून सारखाच आवाज एकाच वेळी कानावर आला की मेंदूला वाटतं गाणारा मध्यभागी उभा आहे, जिथे प्रत्यक्षात काहीच नाही. तुम्ही एका स्पीकरच्या जवळ बसलात की त्याचा आवाज आधी पोचतो आणि गाणारा सरकून त्याच्यावर जाऊन बसतो. म्हणून सोफ्याची मधली जागा महत्त्वाची. घरात ती कुणाला द्यायची हा ज्याचा त्याचा प्रश्न.

याची परीक्षा घ्यायची तर १९६० च्या दशकातलं एखादं गाणं लावा. त्या काळची आपली बहुतेक सिनेगीतं मोनो आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. मध्ये बसल्यावर गाणारी व्यक्ती बरोबर टीव्हीच्या मध्यातून गाताना वाटली पाहिजे. आवाज डोक्याभोवती कुठेतरी पसरलाय आणि बेस गायब आहे असं वाटलं, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्यात. लाल खटक्याला लाल, काळ्याला काळी. मित्राच्या डाव्या स्पीकरची तार उलटीच होती, ही आम्हाला दोन तासांनी सापडलेली गोष्ट. हे सगळ्यात आधी बघायला हवं होतं.

राहिला १०० वॉटचा प्रश्न. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कळेल न कळेल एवढा. कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॉट लागतात दहापट. फ्लॅटच्या हॉलमध्ये नेहमीच्या ऐकण्याला तर ॲम्प्लिफायर एक-दोन वॉटच्या पुढे क्वचितच जातो. ते ३५ हजार वाचले. त्यातले थोडे गालिचा, पडदा आणि स्टँडवर गेले. महागड्या केबलचंही तसंच आहे, पंधरा-वीस फुटांसाठी तांब्याची साधी १६ किंवा १४ गेजची स्पीकर वायर भरपूर झाली.

आठवड्याने वडिलांनी परत तीच दोन गाणी ऐकली. यावेळी उठले नाहीत, उलट रात्री पावणेअकरापर्यंत बसून राहिले. मग खालच्या मजल्यावरून इंटरकॉम वाजला. बेस स्लॅबमधून उतरतो आणि तो गालिच्याने थांबत नाही. नियमाने रात्री १० ते सकाळी ६ रहिवासी भागात मर्यादा आहे ४५ डेसिबलची. आता स्टँडखाली जाड रबर घातलंय आणि दहानंतर बेसचा खटका खाली.

आणि ज्यांच्या फ्लॅटचं इंटिरियर अजून सुरू व्हायचंय, त्यांनी दोन कामं पीओपी आणि पेंटच्या आधी सांगून ठेवा. एक, टीव्ही युनिटच्या दोन्ही बाजूंना स्टँड बसेल एवढी, दीड-दीड फूट जागा मोकळी सोडायची. दोन, ॲम्प्लिफायरच्या जागेपासून त्या दोन्ही जागांपर्यंत भिंतीतून रिकामे पाइप टाकायचे, लाइटच्या वायरींपासून वेगळे. नंतर टाइल्सवरून वायर फिरवावी लागली, तर ती झाडू मारताना रोज निघते.